तळवलीच्या काकांची गाठ

ट्रेलरची साखळी मी लावली नव्हती, चूक माझीच होती. परवा खाडीकाठी होडीला फासलेल्या डांबराचा वास आला आणि ती दुपार आठवली. नव्वदच्या दशकात मी माझ्या जीपमागे ट्रेलर जोडून तळवलीतल्या एका कोळी काकांची होडी दुरुस्तीला बेलापूरला नेत होतो. होडीचा दोर त्यांनी स्वतः बांधला. हूक निसटला तर ट्रेलर धरून ठेवणारी साखळी लावायचं काम माझं होतं. “साखली लावलीस ना रं?” त्यांनी विचारलं. “लावली काका, टेन्शन नको,” मी ठोकून दिलं. गावाबाहेरच खड्ड्यात हिसका बसला, हूक निसटला आणि होडीसकट ट्रेलर नाल्यात गेला. होडी मधोमध फुटली. गावातून धावत आलेल्या त्यांच्या मुलाला मी सांगितलं, “दोर सैल होता, होडी मागे सरकली आणि तिच्या वजनानं हूक निसटला.” तो बापावर ओरडला, “बाबा, तुमाला आता गाठपन जमत नाय!” नव्या होडीच्या दोराला काकांनी कधीच हात लावला नाही. परवा मी तडक त्यांच्या घरी गेलो आणि मुलासमोरच त्यांचे पाय धरले. “काका, तुमची गाठ पक्की होती. मी खोटं बोललो. मला माफ करा.”