बाकावरची पिशवी

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले मोठमोठे गुन्हे आता पुसट होत चालले आहेत, पण पुण्याच्या भुयारी मेट्रो स्टेशनातली ती दुपार मनातून जात नाही. निवृत्तीला वर्षच उरलं होतं. मी अकोल्याचा, जठारपेठेतला. पण पुण्यात इतकी वर्षं काढली की माझी वऱ्हाडी बोली घरचेसुद्धा विसरले होते.

सफाई करणाऱ्या बाईंनी खबर दिली, फलाटावरच्या बाकावर बेवारस पिशवी आहे आणि चांगली जड आहे. अशा खबरेत शहाणपणा करायचा नसतो. आम्ही डायरीत नोंद घेतली, स्टेशन रिकामं केलं आणि बॉम्बशोधक पथक बोलावलं. कॅमेऱ्यात एक धोतरवाला म्हातारा पिशवी ठेवून लगबगीने वर जाताना दिसला. बाहेर पडणाऱ्या गर्दीत तो कोणाला तरी शोधत फिरत होता, तिथेच शिपायांनी त्याला धरलं.

चौकशी मीच केली. पिशवी माझीच, म्हणाला. मग सोडून का गेलास, तर म्हणे सोडली नाही. बरोबर कोण आहे विचारलं की दाराकडे बघायचा आणि ती वर आहे, मला जाऊ द्या, एवढंच सांगायचा. साथीदार बाई आहे, असं मीच वायरलेसवर कळवलं. आज त्याची लाज वाटते.

पथकाने पिशवी उघडली, तर आत फडक्यात बांधलेले रोडगे! कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले. लेकीसाठी आणले, म्हणाला. त्या वासाने माझं डोकं ताळ्यावर आलं. गाव विचारलं, तर अंजनगाव सुर्जी, आमच्या वऱ्हाडातलंच.

मला अकोल्याचा एसटी स्टँड आठवला. गाडी थांबायच्या आत वडील खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा सीटवर टाकायचे, आई मागून सावकाश चढून त्या दुपट्ट्यावर बसायची. टाकलेल्या दुपट्ट्याची जागा सहसा कोणी बळकावत नसे. केवढी निर्धास्त असायची आई!

मी खुर्ची जवळ ओढली. कितीतरी वर्षांनी तोंडातून आपली बोली निघाली.

"बाबाजी, जागा धरली होती काय? कोनासाठी?"

म्हाताऱ्याचे डोळे भरले. "बुढीसाठी. तिले त्या चालत्या जिन्याचं भेव वाटते. मी म्हनलं, आंधी जागा धरतो, मंग तुले न्याले येतो. तिच्यापाशी फोन नाई साहेब, लेकीचा पत्ताबी तिले सांगता येत नाई."

म्हणजे स्टेशन रिकामं करताना आम्हीच तिला परक्या शहरात ढकललं होतं. सगळी माणसं शोधाला पाठवली आणि म्हाताऱ्याला घेऊन मी एकेक दरवाजा पाहत निघालो.

मागच्या दरवाजाबाहेर, पायऱ्यांवर, ती उन्हात बसलेली दिसली. शेजारी सावलीचा एक तुकडा होता, त्यावर दुपट्टा घडी करून ठेवलेला. म्हातारा गुडघे सांभाळत मागून येत होता. मी पुढे होऊन तिच्याजवळ टेकायला गेलो, तर तिने हात आडवा केला.

"इथं नोका बसू साहेब. त्यायची जागा हाये."

पिशवी कोणाची, हे विचारायला आमचं खातं शिकवतं. कोणासाठी, हे विचारायला मी माझ्या गावातच शिकलो होतो आणि पुण्यात येऊन विसरलो होतो.

डायरीतली नोंद खोडता येत नाही. तिच्याखाली मी लिहिलं, पिशवी बेवारस नव्हती.