तीन काड्यांची भिंत

रेंज्याला बसलेलं पाहिलं, असं सांगणारा माणूस आमच्या गावात शेवटी शेवटी सापडला नसता. चहा उभ्यानं, जेवण म्हणे ओसरीत फेऱ्या मारत, आणि बोलणं तर चालता चालताच. हिंगणघाटच्या एसटीत सीट रिकामी असली तरी हा दांडा धरून दाराशी. मी एकदा म्हटलं, "अबे बस ना, तिकीट तर तेवढंच लागते." तर म्हणाला, "काका, बसलेला माणूस निरोपाले सापडत नाई."

हे ऐकलं की मी विषय बदलायचो. कारण त्याला उभं मी केलं होतं.

मोबाइल आले तेव्हा तो दिवसभर रेंज पाहत गावभर हिंडायचा म्हणून गावानं त्याला रेंज्या म्हटलं. मी सांगतो ती गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा गावात एकच फोन, किराणावाल्या शेटजींकडे. रेंज्या हिंगणघाटला बसस्टँडजवळच्या दुकानात रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. मी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. शाळा चौथीपर्यंत, पण कोणतं बेअरिंग जाणार ते मी नुसत्या आवाजावरून सांगत होतो आणि शिकलेसवरलेले मला विचारायला यायचे. अशा माणसाचा रेडिओ यानं चार लोकांसमोर उघडला आणि म्हणाला, "काका, हा गेला. आता याच्यात काकूच्या बांगड्या ठेवा." लोक हसले. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

त्याच दिवसांत एका दुपारी शेटजींनी मला हाक मारली. सेवाग्रामहून रेंज्याच्या भावाचा फोन आला होता. आई दवाखान्यात आहे, सारखं त्याचं नाव घेते आहे, ताबडतोब निघ. "जाता जाता त्याले सांगून देजो," शेटजी म्हणाले. रेंज्याला सुटी होती, बायको पोराला घेऊन माहेरी गेलेली. तो पारावर पत्ते खेळत बसला होता. मी त्याच्या समोरून गेलो. मनात म्हटलं, मी काय याचा चपराशी आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजींनी विचारलं तेव्हा सांगितलं, घराला कुलूप होतं. मग शेटजीच त्याच्याकडे धावले. तो पहिल्या एसटीनं गेला. तोवर आई गेली होती.

माझं खोटं त्यानं खरं धरलं. "मी घरी राह्यलो असतो तर निरोप भेटला असता," असं भेटेल त्याला सांगायचा. पत्ते सोडले, पार सोडला, बसणंच सोडलं. त्याला खरं काय ते सांगणं एवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं. त्या कामाला पंधरा-सोळा वर्षं लागली.

पुढं नवनवी यंत्रं येत गेली आणि लोक कोणतीही वस्तू घेण्याआधी रेंज्याचं मत घेऊ लागले. कंपनी कोणती, वॉरंटी किती, हे तो विचारायचाच नाही. त्याचा सवाल एकच. बोललेलं पोचते का? नागपूरच्या एका व्यापाऱ्याच्या कमरेला पेजर पाहून आला तेव्हा म्हणाला, "निरोप येते, पण उलटून इचारता येत नाई. हा तर पुढाऱ्यासारखा झाला." पुढं मोठ्या स्पीकरचे स्वस्त मोबाइल निघाले. गाणं लावलं की चार घरं दणाणायची. त्यानं एक कानाला लावून पाहिला आणि परत दिला. "वाजते बँडसारखा, ऐकू येते विहिरीतून. घेऊ नका." घेणाऱ्यांनी घेतला, आणि मग फोनवर बोलायला शेजाऱ्याचा मागू लागले.

ग्रामपंचायतीत कम्प्युटर आला. सचिवानं मराठीत मोठी यादी टाइप केली, आणि ती दुसऱ्या ऑफिसात उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. सचिव म्हणाला, फॉन्टचा घोळ आहे. रेंज्या टेबलाभोवती फिरत म्हणाला, "साहेब, एका गावचं लिहिलेलं दुसऱ्या गावात वाचता येत नाई, अन् याले तुम्ही सॉफ्टवेअर म्हणता? पोस्टकार्ड बरं." सचिवाला राग आला. मला मात्र पटलं. मलाही माझी गोष्ट त्याच्यापुढं उघडता येत नव्हती.

प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा नदीच्या वाटेवर गाठला. "थांब, तुझ्याशी काम आहे." तर म्हणे, "चाला ना काका, चालता चालता बोला." तो पुढं, मी मागं, माझा गुडघा दुखतो आहे आणि हा नव्या टॉवरबद्दल सांगतो आहे. असली गोष्ट माणसाच्या पाठीला कशी सांगायची? मी परत फिरलो. खोटं कशाला सांगू, परत फिरताना सुटल्यासारखंही वाटलं.

मोबाइल गावात पहिल्यांदा आले तेव्हा रेंज सगळीकडे नव्हती. रेंज्यानं गेरूचा डबा घेतला आणि हातात फोन धरून घर न् घर फिरला. जिथं फोनवर रेंजची एक काडी तिथं भिंतीवर एक रेघ, दोन तिथं दोन. माझ्या ओट्यावर येऊन त्यानं तीन रेघा ओढल्या. मी आतून ओरडत आलो, "माह्या भिंतीवर रेघोट्या काऊन ओढून राह्यला बे?"

"काका, अख्ख्या गावात तीन काड्या फक्त इथंच आहेत."

"मंग काढून घेऊन जा तुह्या काड्या!"

तो हसत हसत पुढच्या घरी गेलासुद्धा. त्या दिवसापासून माझ्या ओट्यावर माणसं. कोणाचा जावई, कोणाचा कापसाचा भाव, सगळं माझ्या दारात. शेजारची शेवंता तर भिंतीला हात टेकवूनच बोलायची, जशी रेंज चुन्यात भिजली होती. मी बायकोला म्हणायचो, "पाह्य इचे चाळे." रेंज्या लांबूनच ओरडायचा, "पयले कामाचं बोला, खुशाली मागून इचारा! लाईनचा भरोसा नाई." मला म्हणायचा, "काका, तीन काड्यांचे मालक तुम्ही, अन् फोन नाई?" मी सांगायचो, "ज्याले माह्याशी बोलायचं असन, त्यानं घरी यावं." दिवाळीला बायको भिंतीला चुना लावायची तेव्हा मात्र मी सांगायचो, तेवढा कोपरा सोड.

मग दुरुस्तीचं काम आटलं. बिघडलं की लोक नवंच घेऊ लागले. दुकान बंद झालं, आणि पुण्यात कम्प्युटरवर काम करणारा त्याचा मुलगा त्याला न्यायला आला. निघताना एसटीच्या थांब्यावर रेंज्यानं आपला जुना फोन माझ्या हातात कोंबला. टॉर्चवाला, आकडे झिजलेला. "दोन नंबर दाबून धरजा. मले फोन लागते. नाई म्हणू नका." आत्ता सांगतो, असं माझ्या ओठावर आलं. कंडक्टरनं घंटी दिली. सीट रिकामी होती तरी तो दाराशी उभा राहूनच गेला.

तो फोन मी त्या मेलेल्या रेडिओवर ठेवला. रेडिओ मी फेकला नव्हता, त्यात बांगड्याही ठेवल्या नव्हत्या. चार महिने बायको मुकाट्यानं फोन चार्ज करायची, आणि मी त्याच्याकडे पाहायचो नाही.

एके दिवशी सकाळी तो वाजला. बायको पाण्याला गेली होती. उचलला. शेवंताचा जावई. तिचा फोन लागत नव्हता आणि हा नंबर रेंज्यानंच त्याला दिला होता. मुलगी बाळंत झाली, आईला लगेच पाठवा. मी चप्पल न घालता निघालो. शेवंता दूर वावरात होती. माझा गुडघा, काळ्या मातीची ढेकळं, कसा पोचलो मला ठाऊक. निरोप ऐकून ती खुरपं टाकून जी पळाली, ती मागं पाहिलंच नाही तिनं.

मी ओट्यावर आलो तेव्हा धाप लागली होती. धाप बसली असती तर सांगायचं पुन्हा राहिलं असतं. दोन नंबर दाबून धरला.

"कोण? काका? अरे बाप्पा! बोला ना काका!"

तिकडे गाड्यांचे आवाज, आणि त्याच्या चपलांचा. चालतच होता. काय रे, तब्येत कशी, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं.

"त्या दिवशी तू घरी राह्यला असता तरी निरोप भेटला नसता बे. तुह्या घरी मी गेलोच नाई. तू पारावर होता. मी तुह्या समोरून गेलो. कुलूप मी मनानं सांगतलं."

काहीच ऐकू येईना. मी फोन कानापासून काढून पाहिला, पुन्हा लावला.

"काका," तो म्हणाला, "काड्या कितीक दिसते?"

"तीन."

"मंग लाईन नाई गेली. मीच चूप होतो."

चपलांचा आवाज थांबला. कुठल्याशा हॉटेलातल्या कपबश्या वाजल्या. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"बसलो," तो म्हणाला. "आता पयल्यापासून सांगा. माय काय म्हणत होती, तेही सांगा."

मी भिंतीला हात टेकवला आणि सांगायला लागलो.