बंदर बंद हाय

बंदर बंद झालं की बा आमचा व्हायचा. एरवी तो मुंबईच्या गिरणीचा.

म्हसळ्याच्या पुढे, रस्त्याला लागून आमचं गाव. भाताची खाचरं तुटपुंजी, त्यामुळे घरटी एक तरी गडी मुंबईला. वैशाख सरता सरता शेवटच्या आगबोटीने ही सगळी मंडळी गावी यायची, पेरणी-लावणी उरकायची आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ गेला की परत निघायची. मधल्या दिवसांत दर्या खवळलेला. आगबोट नाही, मचवा नाही, बंदर बंद. गिरणीतला मुकादम एरवी कुणाचं ऐकायचा नाही, पण या बाबतीत तोही म्हणायचा, बंदर उघडलं की ये बाबा.

'बंदर बंद हाय' हे आमच्याकडे कुठेही चालायचं. माहेरी आलेल्या पोरीला सासरचं बोलावणं आलं आणि तिला एवढ्यात जायचं नसलं, की तिची आय निरोप्याला हसत तेच सांगायची. मग तिचं सासर का डोंगरापलीकडे असेना, मध्ये पाण्याचा थेंब का नसेना. कोळी लोक पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळीच्या झापांनी शाकारून ठेवतात, म्हणून शेजारणी आयला चिडवायच्या, तुझा गडीही शाकारला गं यंदा. आय लटकं रागवायची. पण वर्षातला तिचा संसार तेवढाच होता, तिला ते आवडायचंच.

मुंबईत बा भोंग्यावर उठायचा, भोंग्यावर जेवायचा. गावी आला की तो पाऊस बघून उठायचा. धो धो लागला असेल तर घोंगडी ओढून पुन्हा झोपायचा, आणि आय ओरडली तर म्हणायचा, वरचा मुकादम न्हाय म्हनतोय. खाचरात तो दिवसभर वाकलेला असायचा, गिरणीपेक्षा कष्ट काही कमी नव्हते. तरीही तो मध्येच उभा राहून उगाच आभाळाकडे बघायचा आणि त्याला कुणी काही बोलायचं नाही. मला वाटतं, तेवढ्यासाठीच तो यायचा.

मग सर्व्हिस मोटार आली. सुरुवातीला ती नुसती उघाडीतच धावायची. पुढे ओढ्यांवर मोऱ्या बांधल्या, रस्त्याला खडी पडली आणि एका वर्षी ठरलं की मोटार पावसातही चालणार. माणगावावरून धरमतर, तिथून खाडीतल्या बोटीने मुंबई. खाडीतली बोट पावसाळ्यातही बंद नसते. सगळा गाव रस्त्यावर लोटला. कुणी मोटारीच्या तोंडाला कुंकू लावलं, कुणी चाकाखाली नारळ फोडला. सगळ्यांत जास्त आनंद आयला झाला होता. माझ्या पाठचा भाऊ भर आषाढात तापाने गेला होता. बा त्याला खांद्यावर टाकून माणगावच्या दवाखान्यात न्यायला निघाला आणि वाटेतला ओढा उतरेना म्हणून तसाच परत आला. तोवर पोर संपलं होतं. मोटारीवर हात फिरवत आय म्हणत होती, ही बया आधी आली असती तर. ती रडतही होती आणि हसतही होती. बा मात्र मोटार बघायला आलाच नाही. मला त्याचा राग आला. असला कसला हा माणूस, सगळा गाव नाचतोय आणि हा गोठ्यात शेण भरत बसलाय!

आदल्या दिवाळीला बा कधी नव्हे तो चार दिवस येऊन गेला होता, आणि त्या वर्षी आय गरोदर होती. लावणी अर्धी झाली असेल, तेव्हा बाचा चुलतभाऊ मुंबईहून आला, आणि आला तो मोटारीने. गिरणीत विजेचे दिवे लागलेत, रात्रीही विणायचे साचे चालणार आहेत, माणसं कमी पडतायत, असं तो सांगत होता. मुकादमाने बाला ताबडतोब बोलावलं होतं. नाही आला तर जागा दुसऱ्याला.

बा चिखलाच्या हातांनीच ओटीवर बसला होता. त्याने नेहमीचं उत्तर दिलं. "बंदर बंद हाय म्हनून सांग."

काकाला वाईट वाटत होतं, त्याने मान खाली घातली. "दादा, बंदराला इचारतोय कोन आता?"

बाने पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. जणू काकाला ऐकूच आलं नव्हतं. आय आतून बाहेर आली, दोघांकडे बघितलं आणि परत आत गेली. मी धसकले. बाला खोटं सांगता येत नव्हतं, आणि जायचं नाही हे खरं सांगून कुणी ऐकणार नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला अजून एकेक करून आठवतात. बा गेला नाही. काकाही लावणीपुरता राहिला, निरोप त्याने दुसऱ्या कुणाकडे धाडला. लावणी आणि बाळंतपण उरकल्याशिवाय हलायचं नाही, असं बाने ठरवलं होतं. पण मोटारीचा भोंगा वळणावर वाजला की खाचरात त्याचा हात थांबायचा. रोपांची मूठ तशीच हातात, कान रस्त्याकडे. मोटार न थांबता गेली की तो पुन्हा वाकायचा. मीही श्वास धरून उभी असायचे. आज कुणी उतरेल, आज बोलावणं येईल, एवढंच डोक्यात. पाऊस बघून उठणारा बा आता पहाटेपासून जागा असायचा. दर्या तर नेहमीसारखाच खवळलेला होता. त्याचा आवाज वाऱ्याबरोबर आमच्यापर्यंत यायचा, आणि आजवर ज्या आवाजावर आम्ही निर्धास्त झोपलो तो आता कुणाच्या कामाचा नव्हता.

एका सकाळी आयच्या पोटात दुखू लागलं. दिवस भरायचे होते अजून. सुईण आली, बराच वेळ खटपट करून बाहेर आली आणि बाला म्हणाली, पोर आडवं हाय, माझ्या हातचं न्हाय. काकाला घेऊन बाने आयला खाटेवर रस्त्यापर्यंत आणलं आणि मोटारीचा भोंगा ऐकू आला तसा भर रस्त्यात हात पसरून उभा राहिला. इतके दिवस ज्या आवाजाला तो भ्यायला, त्याचीच वाट बघत मी देवाचं नाव घेत होते. माणसाचं कसं होतं बघा. आत बसलेल्या उतारूंनी जागा करून दिली. आयचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भाऊ ज्या ओढ्यापाशी गेला, तो ओढा मोटारीने केव्हा ओलांडला मला कळलंही नाही.

माणगावच्या दवाखान्यात आय वाचली. मुलगा झाला, तोही जगला. बा व्हरांड्यात बसून ढसाढसा रडला. मी त्याला रडताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आयच्या खाटेपाशी बसलो होतो आणि बाहेर धरमतरची मोटार येऊन थांबली. ड्रायव्हर तोच. बाळ-बाळंतिणीची चौकशी करायला भला माणूस आत डोकावला. जाता जाता बाला सहज म्हणाला, मुंबईला जायचं असेल तर चला, जागा आहे. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. उरलेली लावणी काका करील, असं बा आपल्याशीच पुटपुटला. मग आयला म्हणाला, पण तू अशी, मी कसा जाऊ. मला वाटलं, आता आय त्याला थांबवणार. तिने थांब म्हटलं असतं तर तो थांबला असता, हे मी आजही शपथेवर सांगीन.

आय बाळाला पदराखाली घेऊन पडली होती. आवाजात जीव नव्हता, पण बोलली स्पष्ट. "जावा तुमी. न्हाय म्हनायला आता आपल्यापाशी कारनच न्हाय ऱ्हायलं."

बा खाचरातल्या कपड्यांनीच मोटारीत चढला. मी मागे धावले नाही. मला दोघांचाही राग आला होता, आणि त्या भल्या ड्रायव्हरचा सगळ्यांत जास्त.

आता माझी नातवंडं वाद घालतात, यंत्रांनी माणूस मोकळा झाला की बांधला गेला. दोन्ही बाजूंनी पुस्तकी बोलतात आणि मग आजी तू सांग म्हणतात. काय सांगू? त्या मोटारीने आम्हाला हवं तेव्हा जायची मुभा दिली आणि न जायची काढून घेतली. तिला नावं ठेवायला गेले तर समोर दवाखान्यात जन्मलेला भाऊ येतो, त्याची पोरंबाळं येतात. गुणगान करायला गेले तर जीभ उचलत नाही. आय जगली, भाऊ जगला. आणि बा पुन्हा कधी आमच्याकडे पावसाळाभर राहिला नाही. आला तो रजेवर.