शिवांजली बोलत नाही

आमच्या शेजारचे हवालदार मानसिंग दूधवाल्यावर संशय घ्यायचे, हे मी समजू शकते. दूधवाल्यावर कोण घेत नाही? पण ते पोस्टमनवर घ्यायचे, भंगारवाल्यावर घ्यायचे, आणि मतदारयादीच्या कामाला आलेल्या एका गरीब मास्तरीणबाईंना तर त्यांनी भर उन्हात फाटकाबाहेर थांबवून ठेवलं होतं. पलटणीतून निवृत्त होऊन साताऱ्यात सदरबझारला घर बांधलं, तरी त्यांचा पहारा काही उठला नव्हता.

१९९५ च्या जून महिन्यात त्यांच्या संशयाची पाळी माझ्यावर आली.

त्यांची नात शिवांजली आणि माझा मुकुल, दोघांची पहिलीच्या प्रवेशासाठी एकाच शाळेत मुलाखत झाली होती. मुकुलला घेतलं, शिवांजलीला नाकारलं. कारण काय, तर मुलगी बोलत नाही, पुढच्या वर्षी आणा.

बोलत नाही! ही पोरगी सकाळी आमच्या पायरीवर येऊन बसली की दुपारपर्यंत मुकुलला तोंड उघडू द्यायची नाही. ऐकून मलाही राग आला होता. पण तो बोलून दाखवायच्या आत मानसिंगराव दारात उभे.

“शकुंतलाबाई, एक इचारू? तुमच्या मालकांची त्या हेडबाईंशी वळख हाय न्हवं?”

“नाही हो.”

“एकाच गावचे हायत म्हणं.”

“कोण म्हणतं?”

“ते मी सांगणार न्हाई. पर तुमचं पोरगं आत, आमची पोरगी भाईर. कायतरी काळंबेरं हाय ह्यात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ वर्षांचा शेजार, यांच्या आजारपणात मी पेजेची भांडी नेऊन दिलेली, आणि हे काय बोलणं! मी दार लावून घेतलं. संध्याकाळी त्यांची सून मागच्या दारानं येऊन रडली, तेव्हा कुठं माझा राग जरा निवळला. तिचा नवरा जयराज फौजेत, सरहद्दीवर. मागच्या रजेवरून जाताना तो बजावून गेला होता, पोरीला यंदा शाळेत घालायचीच, पुढच्या रजेला येईन तवा तिनं माझं नाव लिहून दाखवलं पायजे. आता तो आला की त्याला काय दाखवायचं, याची तिला चिंता.

मानसिंगरावांनी जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे अपील केलं. तिथंही संशयाला सुट्टी नव्हती. “शिपाई म्हणतोय, सायेब जेवायला गेल्यात. आन् डबा तर टेबलावर तसाच!” असं रोज काहीतरी. अखेर सुनावणीची तारीख मिळाली, आणि आदल्या दिवशी ते पुन्हा माझ्याकडे आले.

“तुमीबी चला उद्या. साक्षीदार म्हणून.”

साक्षीदार कसली, नजरेसमोर राहावी म्हणून नेत होते मला. तरी गेले. शिवांजलीसाठी गेले.

हेडबाई आधीच येऊन बसल्या होत्या. साध्या, थकल्यासारख्या दिसणाऱ्या बाई. आमच्याकडे ओळखीचं हसणं सोडाच, त्यांनी नीट पाहिलंही नाही, तर मानसिंगराव माझ्या कानाशी पुटपुटले, “वळख लपवत्यात.”

“साहेब, आम्ही चारच गोष्टी विचारल्या,” बाई म्हणाल्या. “नाव काय, गाव कुठलं, वडिलांचं नाव काय, वडील कुठे असतात. मुलगी ओठ मिटून बसून राहिली. मी गोळी देऊन पाहिली, तीही घेतली नाही.”

साहेबांनी आजोबांशेजारी बसलेल्या शिवांजलीला स्वतः विचारून पाहिलं. ती छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

“बगा! भेदरवलीया पोरीला ह्या बाईंनी!” मानसिंगराव उसळले.

आता मात्र मला राहवेना. मी पोरीसमोर खाली बसले. “शिवू, काय झालं गं? का बोलत नाहीस?”

ती माझ्या कानात बोलली, पण तिचं कानात बोलणं सगळ्या खोलीला ऐकू गेलं. “काकू, नावगाव कुणाला सांगायचं न्हाई. आबांनी सांगितलंय. बाप सरहद्दीवर हाय, भिंतीला कान असत्यात.”

मला हसू फुटत होतं आणि मानसिंगरावांकडे बघितल्यावर ते घशातच राहिलं. माणूस पांढराफटक पडला होता. ज्याला गावभर शोधत होते, तो चोर घरातच निघाला.

“हवालदार,” साहेब हळूच म्हणाले, “आता हुकूम तुम्हीच सोडा.”

“सांग बाळा,” मानसिंगराव म्हणाले. मग माझ्याकडे, हेडबाईंकडे बघून मोठ्या कष्टानं म्हणाले, “ही आपलीच माणसं हायत.”

शिवांजली ताठ उभी राहिली. नाव शिवांजली, गाव मलकापूर, वडिलांचं नाव जयराज. सगळं खणखणीत.

“शाब्बास! आणि वडील कुठे असतात?”

“छप्पन्न एपीओ.”

फौजेतल्या माणसाचं पत्र कुठूनही येवो, पत्ता एवढाच असतो. पोरीला ते गावाचं नाव वाटत होतं.

“हे छप्पन्न एपीओ आहे कुठे?” साहेबांनी विचारलं.

“मला ठावं न्हाई. आबा मला सांगत न्हाईत. मी कुणालातरी सांगीन म्हणत्यात.”

हेडबाईंनी चष्मा काढून पुसला. “सोमवारपासून पाठवा तिला,” त्या म्हणाल्या, आणि साहेबांनी मान हलवली. ज्यासाठी आलो होतो ते झालं होतं. पण मानसिंगरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. सहा वर्षांच्या नातीवरही आपण पहारा बसवला होता, हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि मला त्यांची फार कीव आली.

ते उठले, दार लोटलं, गुडघ्यावर बसले आणि पोरीच्या कानाला लागले. पलटणीत कमावलेला गळा, कुजबुज कसली होते! “कुपवाडा,” आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. काश्मीरातलं, पार सीमेवरचं कुपवाडा.

शिवांजलीचं तोंड एकदम उजळलं.

“कुपवाड? सांगलीजवळचं? मामा ऱ्हातो तेच?” ती म्हणाली. “मग आबा, एवढ्या जवळ हायत, तर घरी का येत न्हाईत?”