काठमांडूचं मावंदं

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मरायच्या आधी एकदा बर्फाचा डोंगर बघायचा होता. निपाणीत तिच्या स्वयंपाकघरात अशा डोंगराचं चित्र आहे. तंबाखूच्या वखारीच्या मालकाने कधीतरी दिवाळीला कॅलेंडर दिलं होतं. वर्ष सरल्यावर तारखा फाडून तिने चुलीत घातल्या आणि चित्र तेवढं भिंतीवर ठेवलं. त्याच मालकाच्या वखारीत तिने उभा जन्म तंबाखू चाळली. त्या मजुरीवर मी शिकले, बेळगावात शिक्षिका झाले, तिथेच अनगोळात घर बांधलं. तिच्या वाट्याला आला खोकला. आता चार पायऱ्या चढली की ती भिंतीला धरून उभी राहते. कुठं न्यायचं असेल तर यंदाच न्या, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

म्हणून मी तिला काठमांडूला नेलं. परदेश असून पासपोर्ट लागत नाही, पशुपतिनाथाचं दर्शनही होतं, आणि हॉटेलच्या गच्चीवरून हिमालय दिसतो असं टूरवाला शपथेवर सांगत होता. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

गच्चीवरून दिसला तो धूर. मार्च संपत आला होता, आसपासचे डोंगर वणव्याने पेटले होते, त्यात वीटभट्ट्या आणि गल्लीबोळांतून उधळलेल्या मोटारसायकली. कपडे धुऊन उरलेल्या पाण्यासारखं आभाळ. समोरची इमारत दिसायची, तिच्यामागे जग संपायचं. मॅनेजर बोट दाखवून म्हणायचा, तिकडे आहे, उद्या नक्की दिसेल. मी म्हणायचे, आहे यावर विश्वास आहे हो, बघायला आलोय. रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. माणसांच्या लोंढ्यात आक्काचा दंड घट्ट धरून चालावं लागे. घशाला सारखी जळकट चव. देवळामागची नदी काळी पडलेली, तिच्यात हात घालायची आक्काची इच्छाही तिथेच मेली. शिखरं दाखवणारं विमान धुरामुळे उडालंच नाही. मी टूरवाल्याला फोनवर झाडलं, तर तो म्हणाला की हवा काही आपल्या हातात नाही. माझं डोकंच फिरलं.

आक्का भांडली नाही. रोज सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून उत्तरेकडे तोंड करून बसायची आणि खोकायची. शेवटच्या दिवशी तिने खुर्ची फिरवली आणि खाली रस्त्याकडे बघू लागली. शाळेच्या मुली, भाजीवाली, वाहतुकीचा पोलीस, ज्याच्या त्याच्या तोंडाला मास्क. परत कोरोना आलाय का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही गं, हा धूर छातीत जाऊ नये म्हणून.

तिने वाकून खालच्या एकेकाच्या तोंडाकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "नुसतं रस्त्यावरनं चालायला बांधत्यात? आनि आमी त्या खकाण्यात जलम काढला, पदर धरून."

तंबाखूचा तो बारीक, नाकातोंडात घुसणारा खकाणा मला माहीत होता. ती घरी आली की तिच्या लुगड्याला येणाऱ्या वासाने मला शिंका यायच्या. मालकाला दरवर्षी कॅलेंडर छापायचं सुचलं, हे सुचलं नाही. कोरोनात पोलिसांच्या धाकाने वखारीतही मास्क आले होते, धाक संपला तसे तेही गेले. मला त्या शहराचा राग येत होता, तो तिथल्या तिथे निपाणीकडे वळला आणि अजून तिकडेच आहे.

त्या दुपारी आक्का आपणहून बाजारात निघाली. रुद्राक्षांच्या दुकानांपुढून तशीच चालत गेली आणि फुटपाथवरून जाड कापडी मास्क घेतले, पिशवीभर.

यात्रेहून आलं की गल्लीला जेवू घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. निपाणीत आक्काच्या मावंद्याला तिच्याबरोबर काम केलेल्या आणि अजून वखारीत जाणाऱ्या बायका आल्या. पाया पडल्या. डोंगर कसा होता म्हणून विचारू लागल्या. ती म्हणाली, न्हाय दिसला, धूर बघून आलो. बायकांना वाटलं थट्टा करते. गव्हाची गोड हुग्गी, भात, आमटी जेवून झाली, तेव्हा तिने एकेकीच्या ओंजळीत पशुपतिनाथाचा प्रसाद ठेवला आणि वर एक मास्क. दम लागला म्हणून दाराच्या चौकटीला टेकली.

"उद्यापास्नं वखारीत ह्ये बांधून बसायचं. पदर पुरत न्हाय गं. माझ्याकडं बघा."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी प्रसादासकट मास्क कपाळाला लावला आणि घरी नेला. टूरवाल्याला दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले तर कोपऱ्यावर जेवायला आलेल्या बायकांतलीच एक भेटली. कामावर निघाली होती, नाकावर पदर दाबून, कारण वखारीचा वास कोपऱ्यापासूनच सुरू होतो. मास्क कुठाय, मी विचारलं. ती जराशी लाजली.

"ते व्हय, बाई? परसादाबरुबर आलंय, द्येवाचं हाय ते. वखारीत न्हेऊन कशाला बाटवायचं? देव्हाऱ्यात ठिवलंय. आमी समद्यांनीच ठिवलंय."

घरी आले. आक्का उंबऱ्यावर बसून वाट बघत होती.

"भेटल्या का गं बायका?" तिने विचारलं. "बांधल्यात न्हवं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. ती लवकर थांबू नये, असं मला वाटलं.