एका ठोक्यात तीन सूर

गिरगावातल्या माझ्या घरी पियानो शिकायला येणाऱ्या नवख्या मुलांना ट्रिप्लेट शिकवण्याची माझी एक पद्धत होती. ट्रिप्लेट म्हणजे एका ठोक्याच्या वेळात तीन सारखे सूर. त्यासाठी मी मुलांना 'धा धी ना' म्हणायला लावत असे. तबल्याचे बोल तोंडात बसले की बोटं मागोमाग येतात, असा माझा अनुभव होता.

लालबागची एक सातवीतली मुलगी दोन वर्षं येत होती. तिला आजोबा घेऊन येत. गिरणी बंद पडेपर्यंत ते तिथे कामाला होते. आता शनिवारी भजनाला तबल्यावर बसत. मुलीच्या वडिलांनी अट घातली होती: ग्रेडच्या परीक्षेत पास झाली तर पियानो चालू, नाहीतर त्या वेळेत गणिताचा क्लास. हे तिनेच मला सांगितलं, खाली बघत.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना मी तिची पूर्ण रचना ठोके मोजणाऱ्या मेट्रोनोमवर ऐकली. ट्रिप्लेटची ओळ आली आणि ती मागे पडली. पुन्हा वाजवली, पुन्हा मागे. तिन्ही सूर स्वच्छ होते, सारखे होते, पण एका ठोक्यात मावत नव्हते.

"घरी कशी वाजवतेस?"

"आजोबा तबल्यावर दादरा धरतात ना, मिस. मग मस्त जमतं."

दाराजवळच्या खुर्चीतून आजोबा म्हणाले, "चुकता खंय ता सांगा, बाई."

दादऱ्यात धा, धी, ना या तीन वेगळ्या मात्रा, म्हणजे तीन ठोके. ट्रिप्लेटमध्ये तिघांना मिळून एकच. बोल मी दिले होते. पुढचं काम आजोबांनी रोज संध्याकाळी तासभर, मन लावून केलं होतं. चूक माझी होती आणि ती तिच्या बोटांत पक्की बसली होती.

घरी तबला बंद ठेवा, असं मी त्यांना सांगितलं. ते "बरा" म्हणाले, एवढंच.

त्यानंतर मी तिला रोज बोलावलं. बोल काढून टाकले. खोलीत चालवलं, एका पावलाला तीन टाळ्या. तिसऱ्या टाळीपर्यंत पाऊल हवेत राहायचं.

"पाय थांबवू नकोस."

"मी नाही थांबवत, तोच थांबतो."

पाचव्या दिवशी सोप्या ओळीही डळमळू लागल्या. ठेका गेला होता, त्याच्या जागी काही आलं नव्हतं. सातव्या दिवशी तिने हात मांडीवर ठेवले.

"आजोबांना वाजवू दे ना, मिस. निदान सगळं एकसारखं चुकेल."

मी नाही म्हणाले. पण तिच्या तोडग्याहून चांगलं माझ्याकडे काहीच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी आजोबा आणि मी बंद दाराबाहेर बाकावर बसलो होतो. सुरुवात नीट झाली. ट्रिप्लेटची ओळ आली तेव्हा आजोबांची बोटं गुडघ्यावर आपोआप चालू लागली. धा धी ना, धा ती ना. आतले सूर त्या बोटांशी तंतोतंत जुळत होते, एका ठोक्याला एकच सूर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो हात दुसऱ्या हाताने दाबून धरला.

दार उघडलं. ती बाहेर आली ती थेट त्यांच्याकडे. "बरोबर आलं ना, आजोबा?"

"माका इचारू नको," ते म्हणाले. "मिसक इचार."

तिने विचारलं नाही.