मुंग्यांनी दाखवलेली वाट

मुलांनो, आज तांदळाच्या पिठाला मुंग्या लागल्या आणि मला मुरुडच्या जंगलातली आमच्या धावण्याच्या क्लबची ती खडी चढण आठवली.

पुढे गेलेला एकजण चिमूट चिमूट पीठ टाकून वाट दाखवायचा; बाकीचे ते पीठ शोधत मागून धावायचे. मी नेहमी शेवटची. "बाई, आज तरी जेवण संपायच्या आत पोहोचा!" मैत्रीण सुलभा ओरडून पुढे पळाली.

माथ्याजवळ पीठ दिसेना. सगळे भलत्याच पायवाटेने गेले. धापा टाकत मी वाकले, तर पांढरे कण घेऊन मुंग्यांची रांग कारवीच्या झुडपांतून येत होती. रांगेच्या उलट चढले आणि पीठ सापडलं!

"सुलभा, इकडे! वाट इकडे आहे!"

त्या दिवशी मी पहिली पोहोचले. तेव्हा स्वतःला हुशार समजले; खरं तर हळू होते, म्हणून मुंग्या दिसल्या.

आज पिठाचा डबा मुंग्यांसाठी तसाच उघडा ठेवलाय.